मीटरवर 228 व्होल्ट, पण इस्त्री ढिम्म. करंट नेमका अडतो कुठे?

टेस्टर_खिशात

नमस्कार मंडळी. तीन महिने झाले, एका मिस्त्रींच्या हाताखाली वायरिंग शिकतोय. पाइपातून वायर ओढणं, बोर्ड भरणं, फॅन लटकवणं एवढं जमतं. थिअरीची मात्र बोंब आहे. व्ही (व्होल्टेज) बरोबर आय (करंट) गुणिले आर (रेझिस्टन्स) हे पाठ आहे, पण कामावर गेलो की त्या तीन अक्षरांचा आणि समोरच्या वायरींचा काही संबंध लागत नाही.

काल एका खोलीतला बोर्ड चालत नाही अशी तक्रार होती. बोर्डात दोन सॉकेट आणि एक झिरोचा एलईडी दिवा. दिवा व्यवस्थित लागत होता. टेस्टर उजव्या भोकात घातला, पेटला. डाव्यात पेटला नाही. म्हटलं बरोबर आहे. मल्टिमीटर लावला, 228 व्होल्ट. एकदम चोख. मिस्त्रींना सांगून टाकलं, सॉकेट ठीक आहे. मग इस्त्री लावली तर ढिम्म! इस्त्रीवर 1000 वॉट लिहिलंय, आणि तीच इस्त्री पलीकडच्या खोलीत लगेच तापते.

आता खरी गंमत. इस्त्री एका सॉकेटात चालू ठेवली आणि बाजूच्या सॉकेटात मीटर धरला, तर 5 व्होल्ट. इस्त्रीचं बटण बंद, परत 228. चालू, 5. बंद, 228. दहा वेळा करून बघितलं. इस्त्री चालू केली की झिरोचा दिवाही विझतो. आणि इस्त्री चालू असताना टेस्टर दोन्ही भोकांत पेटतो! दोन्ही फेज (करंट आणणारी वायर) कसे झाले?

मिस्त्री एवढंच म्हणाले, "न्यूट्रल बघ," आणि फोनवर बोलत निघून गेले. उद्या परत जायचंय. न्यूट्रल म्हणजे परतीची वायर हे ठाऊक आहे, पण तिच्यात काय बघू? आणि 228 व्होल्ट होते तर ते इस्त्री लावल्यावर गेले कुठे? हसू नका प्लीज.

फुकट_सल्ला

मीटरचे सेल उतरले असतील. सेल उतरले की मीटर काहीही दाखवतो. नाहीतर सॉकेट बदलून टाक, वीस मिनिटांचं काम. एवढा विचार कशाला?

जुनाट_वायरमन

सॉकेट बदलू नकोस. मी तेच केलं होतं, तुझ्या वयाचा असताना. आधी सॉकेट बदलला, मग स्विच, मग इस्त्रीची कॉर्ड. अर्धा दिवस गेला आणि शेवटी दोष भलत्याच बोर्डात निघाला. तुझ्या मीटरलाही काही झालेलं नाही. 228 पण खरे आणि 5 पण खरे.

कागद-पेन्सिल घे. तुझी ती तीन अक्षरं आज कामाला लावू.

इस्त्री 230 व्होल्टला 1000 वॉट घेते. 230 गुणिले 230 भागिले 1000, म्हणजे 53 ओमच्या आसपास. हा झाला इस्त्रीच्या कॉइलचा रेझिस्टन्स. विश्वास नसेल तर इस्त्री प्लगमधून काढ, तिचं बटण चालू स्थितीत ठेव आणि प्लगच्या दोन बारीक पिनांवर (जाडी पिन अर्थिंगची, ती सोड) ओमच्या रेंजला मीटर लाव. पन्नास-बावन्नच्या घरात काहीतरी येईल. अशा इस्त्रीत करंट किती जायला हवा? 230 भागिले 53, म्हणजे 4.3 अँपिअर.

आता मीटर. व्होल्टच्या रेंजवर बहुतेक डिजिटल मीटरच्या पोटात 10 मेगओम असतात. एक कोटी ओम! 228 व्होल्ट एक कोटीनं भाग. 23 मायक्रोअँपिअर येतात, अँपिअरचे 23 दशलक्षांश. एवढा करंट कुठूनही जातो. गंजलेल्या स्क्रूतून जातो, काजळी धरलेल्या जोडातून जातो. समज वाटेत कुठेतरी दोन-अडीच हजार ओमचा सडका जोड बसलाय. त्याच्यावर मीटरचा करंट गेला तर व्होल्टेज किती पडेल? 0.05 व्होल्ट. मीटरला ते दिसतसुद्धा नाही, तो बापडा 228 दाखवून मोकळा होतो.

इस्त्री लावलीस की सगळा हिशेब बदलतो. तुझ्या आकड्यांवरूनच काढू. इस्त्रीवर 5 व्होल्ट पडतायत. 5 भागिले 53, म्हणजे 0.094 अँपिअर. इस्त्री आणि तो सडका जोड एकाच माळेत आहेत, एकामागे एक. म्हणजे इस्त्रीतून जो करंट जातो तोच जोडातूनही जातो, त्याला दुसरी वाटच नाही. मग उरलेले 223 व्होल्ट कुठे पडले? जोडावर. 223 भागिले 0.094, साधारण 2370 ओम. घे, तू घरबसल्या जोडाचा रेझिस्टन्स मोजलास, तो कुठे आहे हे माहीत नसताना!

व्होल्टेज कुठे गेलं नाही. माळेत ज्याचा रेझिस्टन्स मोठा त्यानं मोठा वाटा उचलला, एवढंच. मीटर जोडलास तेव्हा मीटर मोठा होता, एक कोटीपुढे 2370 म्हणजे काहीच नाही, म्हणून सगळे व्होल्ट मीटरवर आले. इस्त्री जोडलीस तेव्हा 53 पुढे 2370 मोठा झाला, सगळे व्होल्ट जोडावर गेले. झिरोचा दिवा का लागत होता तेही यातच आलं. त्याला करंट लागतो काही मिलिअँपिअर.

आणि आता तो जोड कुठेतरी भिंतीत तापतोय, बरं का. 223 गुणिले 0.094, म्हणजे 21 वॉट. इस्त्री चालू ठेवून तू दहा वेळा खेळलास, तेव्हा दहाही वेळा तिथे 21 वॉटची शेगडी पेटत होती. उद्या जाशील तेव्हा पहिल्यांदा नाक चालव. जळक्या प्लास्टिकचा वास मीटरच्या आधी सापडतो.

टेस्टर दोन्ही भोकांत का पेटला: जोड न्यूट्रलच्या वाटेवर आहे. इस्त्री चालू असताना फेज इस्त्रीच्या कॉइलमधून पलीकडे जातो आणि त्या तुटक्या न्यूट्रलवर येऊन थांबतो. तिथून मेनकडे जायची वाट अडलेली. म्हणून न्यूट्रलची वायरही अर्थच्या (जमिनीच्या) हिशेबानं सव्वादोनशे व्होल्टला जाऊन बसते. टेस्टरमधल्या निऑनला पेटायला शंभराच्या आतलेच व्होल्ट आणि नगण्य करंट लागतो, तो दोन्हीकडे पेटणारच. जोड जर फेजच्या वाटेवर असता तर इस्त्री लावल्यावर टेस्टर दोन्ही भोकांत विझला असता. तुझ्या मिस्त्रींनी एवढं ऐकूनच "न्यूट्रल बघ" म्हटलं. माणूस जाणता आहे, फोन जरा कमी केला तर.

आता कान उघडे ठेवून वाच. मी तेवीस वर्षांचा असताना एक बोर्ड उघडून बसलो होतो. खालच्या सॉकेटात इस्त्री होती, चालू होती, तापत नव्हती म्हणूनच मला बोलावलेलं. मी न्यूट्रलचा जोड सोडवला. मनात पक्कं की न्यूट्रल म्हणजे मेलेली वायर, हात लावला तर काय होतंय! एक हात लोखंडी पाइपवर, दुसऱ्या हातात सॉकेटकडून आलेलं न्यूट्रलचं टोक. स्टुलावरून खाली पडलो म्हणून सुटलो. पडलो नसतो तर चिकटलो असतो. उजव्या तळव्यावर अजून पांढरा डाग आहे, मिरचीच्या बी एवढा.

हिशेब लाव. अंगाचा रेझिस्टन्स 1500 ओम धर. घामेजला हात असेल तर त्याहून कमीही असतो. माळेत इस्त्रीचे 53 आणि माझे 1500. 230 भागिले 1553, म्हणजे 0.148 अँपिअर, 148 मिलिअँपिअर. व्होल्टचा वाटा बघ: इस्त्रीवर 8, माझ्यावर 222. मला वाटलं होतं, मधे इस्त्री आहे, तिनं जोर खाल्ला असेल. तिनं आठ व्होल्ट खाल्ले.

त्यामुळे उद्या पहिलं काम, बोर्डातलं सगळं प्लगमधून काढ. मग मेन बंद कर आणि चावी किंवा फ्यूज खिशात ठेव. नुसता स्विच बंद करून भागत नाही, स्विच फक्त फेज तोडतो. मग मीटर आधी चालू सॉकेटवर लावून बघ, मग जिथे काम करायचं तिथे, मग परत एकदा चालू सॉकेटवर. चालू सॉकेट म्हणजे मेन बंद केल्यावरही जिथे सप्लाय आहे असा दुसरा सर्किट. मधल्या वेळात मीटरच मेला तर "शून्य" आणि "मेलेला मीटर" सारखेच दिसतात. टेस्टरवर भरवसा ठेवून हात घालू नकोस. तो पेटला तर सप्लाय आहे. नाही पेटला तर काहीच सिद्ध होत नाही.

जोड शोधायचा कसा: या बोर्डापासून मेनकडे उलटं जायचं, वाटेतला जो बोर्ड लोडवर नीट चालतो तिथपर्यंत. दोष या दोघांच्या मधे, किंवा दोघांपैकी एकात. प्रत्येक न्यूट्रलची वायर धरून हिसका दे. चिमटीनं नव्हे, पक्कडीनं.

टेस्टर_खिशात

काका, हे दोनदा वाचलं आणि वहीत उतरवलं. 21 वॉटचं वाचून घाम फुटला.

एक विचारतो. जोड एवढा तापतो तर एमसीबी, म्हणजे मेनजवळचा तो आपोआप पडणारा स्विच, का पडली नाही? मिस्त्री नेहमी म्हणतात, एमसीबी आहे ना, घाबरायचं काय.

आणि दुसरं. हे विचारायला लाज वाटते. फेजकडून 4.3 अँपिअर येतो, इस्त्री तो वापरते, मग न्यूट्रलवरून परत किती जातो? मला वाटायचं, न्यूट्रलमध्ये उरलासुरला जातो. म्हणूनच न्यूट्रलला हात लावला तर काही होत नाही, असं डोक्यात होतं.

जुनाट_वायरमन

एमसीबीला फक्त करंट कळतो. 16 अँपिअरची असेल तर 16 च्या वर बराच वेळ गेला की पडते, शॉर्ट झालं की लगेच पडते. तुझ्या सडक्या जोडातून जातोय 0.094. एमसीबीच्या दृष्टीनं खोलीत कोणी नाहीच.

यापेक्षा वाईट अवस्था तू बघितलीच नाहीस, ती महिनाभर आधी होऊन गेली असणार. जोड नुकताच सैल झालाय, रेझिस्टन्स फक्त 2 ओम, असं धर. 53 अधिक 2, 55 ओम. करंट 4.2 अँपिअर. इस्त्री मस्त तापते, कोणाला संशय नाही. जोडावर किती वॉट? 4.2 गुणिले 4.2 गुणिले 2, म्हणजे 35 वॉट. हाताशी धरून डाग देतात ती सोल्डरिंग आयर्न साधारण एवढीच असते. ती बोर्डाच्या आत, प्लास्टिकला टेकवून ठेवलेली आहे असं समज. आणि एमसीबीला दिसतो 4.2, जो नेहमीच्या 4.3 पेक्षाही कमी! एमसीबी कशाला पडेल?

तापला की तांबं काळं पडतं, त्यावर पापुद्रा धरतो, रेझिस्टन्स वाढतो, आणखी तापतो. गार झाला की स्क्रू अजून ढिला होतो. रोजची इस्त्री म्हणजे रोज एक झटका. घरच्यांना विचार, इस्त्री लावली की त्या बोर्डावरचा दिवा फडफडायचा का. फडफडायचाच.

म्हणून सांगतो, मीटरची कंटिन्युटीची (वायर अखंड आहे असं सांगणारी) बीप ऐकून जोड पास करत जाऊ नकोस. कित्येक मीटर वीस-तीस ओमपर्यंत खुशाल बीप देतात. 2 ओमचा जोड बीपमध्ये पास आणि इस्त्रीत नापास.

उरलेल्या प्रश्नाचं बाईंनी सांगावं, त्या रोज शिकवतात. मी सांगायला लागलो की पाण्याच्या टाकीवर जातो आणि त्या चिडतात.

प्रात्यक्षिक_तास

चिडत नाही. पण टाकीच्या उदाहरणानं हाच घोटाळा होतो, म्हणून बोलते. टाकीतलं पाणी नळातून पडलं की गेलं. त्यावरून मुलांना वाटतं, फेज म्हणजे पाणी आणणारा पाइप आणि न्यूट्रल म्हणजे सांडपाण्याचा. दरवर्षी निम्म्या वर्गाच्या डोक्यात हेच असतं, तेव्हा लाज वाटायचं कारण नाही.

करंट वापरला जात नाही. जेवढा गेला तेवढाच परत आला. 4.3 गेला तर 4.3 आला. त्याऐवजी सायकलची चेन डोळ्यांपुढे आण. पायडलकडून मागच्या चाकाकडे जेवढ्या कड्या जातात तेवढ्याच खालून परत येतात, एकही कडी चाकात मुरत नाही. चाकाला मिळते ती ओढ. चेन एका ठिकाणी तुटली की वरची बाजू आणि खालची बाजू दोन्ही थांबतात. न्यूट्रल तुटला की फेज शाबूत असूनही इस्त्री थंड, ते याचसाठी. इस्त्री ऊर्जा घेते, करंट घेऊन ठेवत नाही.

वर्गात मी हे क्लॅम्प मीटरनं दाखवते. एक्स्टेंशन कॉर्डचं बाहेरचं आवरण हातभर सोलून आतल्या वायरी सुट्या केलेल्या आहेत, प्रत्येकीचं स्वतःचं इन्सुलेशन शाबूत. फेजभोवती क्लॅम्प: 4.3. न्यूट्रलभोवती क्लॅम्प: 4.3. मग विचारते, दोन्ही वायरी मिळून क्लॅम्पमध्ये घेतल्या तर? अर्धा वर्ग ओरडतो "8.6!" क्लॅम्प दाखवतो शून्य. एका वायरीतून जाणारा आणि दुसरीतून येणारा, दोघांची चुंबकक्षेत्रं एकमेकांना पुसून टाकतात.

आणि त्या शून्यावरच आरसीसीबी, म्हणजे करंट बाहेर गळला की सप्लाय तोडणारा स्विच, चालते. तिच्या पोटात एका कड्यातून फेज आणि न्यूट्रल दोन्ही जातात. गेलेला आणि आलेला सारखा असेल तर ती गप्प. काकांसारखा कोणी मधे हात घातला आणि काही करंट पाइपातून जमिनीत गेला, तर परत येणारा तेवढा कमी पडतो. फरक 30 मिलिअँपिअरच्या घरात गेला की ती पडते, जास्त फरकाला सेकंदाचे काही शतांशच लागतात. काकांच्या अंगातून 148 जात होते. त्या घरात आरसीसीबी असती तर डाग पडला असता का, सांगता येत नाही. बाकीचं टळलं असतं.

मात्र एक लक्षात ठेव. एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लागला आणि पायाखाली कोरडं लाकूड असेल, तर जाणारा-येणारा सारखाच राहतो. आरसीसीबीला तू आणि इस्त्री यात फरक दिसत नाही. सैल जोडही तिला दिसत नाही, तो माळेतच बसलेला असतो.

थोडं विषयांतर. मुलं विचारतात, बटण दाबल्याबरोबर दिवा लागतो, म्हणजे इलेक्ट्रॉन किती वेगानं पळत असतील! गणित करून दाखवते. अडीच स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीतून 4.3 अँपिअर डीसी वाहत असेल तर इलेक्ट्रॉन सरकतात सेकंदाला साधारण 0.13 मिलिमीटर. मुंगी त्यांना हरवेल. आपल्याकडे तर एसी, 50 हर्ट्झ. ते पुढे-मागे झुलतात, मिलिमीटरच्या साधारण हजाराव्या भागाएवढे, आणि तिथेच राहतात. चेनची एक कडी ओढली की पलीकडची लगेच ओढली जाते, तसा वेग ढकलण्याचा असतो. कडी स्वतः फार लांब जात नाही.

काकांच्या उत्तरात एक पुस्ती. इस्त्रीचा रोध, म्हणजे रेझिस्टन्स, मीटरनं मोजला तर गणिताशी जुळतो, कारण तिच्या कॉइलमधल्या नायक्रोमचा रोध तापल्यावर फारसा बदलत नाही. पण हाच प्रयोग 100 वॉटच्या जुन्या पिवळ्या बल्बवर करायला गेलास तर गोंधळशील. गणितानं 529 ओम, मीटरवर 40 च्या आसपास. बल्ब खराब नाही, गणितही चुकलेलं नाही. टंगस्टनची तार गार असताना मोजलीस. पेटल्यावर ती अडीच हजार अंश सेल्सिअसच्या घरात जाते आणि रोध दहा-तेरापट होतो. बल्ब बहुधा चालू करतानाच का उडतात, ते आता तूच सांग.

फुकट_सल्ला

पण मग तो एलईडी झिरो दिवा इस्त्री लावल्यावर का विझला? त्याची वायर तर वेगळी असेल ना.

जुनाट_वायरमन

बोर्डापर्यंत न्यूट्रल एकच येतो, पुढे फाटे फुटतात. सडका जोड बोर्डाच्या आधी आहे. इस्त्रीनं बोर्डाचं व्होल्टेज 5 वर आणलं म्हणजे दिव्यालाही 5 च मिळाले. बघ, विचार करायला लागलास की नाही.

हेच तीन फेजच्या मेन न्यूट्रलला झालं तर उलटं होतं, दिवे विझत नाहीत, फुटतात. एका फेजवर 1000 वॉटची इस्त्री, दुसऱ्यावर 100 वॉटचा बल्ब आणि न्यूट्रल तुटला, तर दोघं दोन फेजमधल्या 400 व्होल्टमध्ये एका माळेत येतात. 53 आणि 529. मोठा वाटा कोणाचा, वर शिकवलंय. बल्बवर 363 व्होल्ट! टीव्ही, फ्रिज असलेल्या घरात काय होतं ते मी बघितलंय, दारापासूनच वास येतो. मेनच्या न्यूट्रलचा स्क्रू मी आजही दोनदा पिळतो.

टेस्टर_खिशात

(दुसऱ्या दिवशी रात्री)

सापडला!

सगळं अनप्लग केलं, मेन बंद, फ्यूज खिशात. जिन्यातला दिवा वेगळ्या सर्किटवर होता, मीटर आधी तिथे तपासला, मग बोर्डात, मग परत तिथे. मिस्त्री बघत होते, काही बोलले नाहीत.

आमच्या बोर्डात सगळं घट्ट. मागचा बोर्ड म्हणजे दाराजवळचा, तिथे नुसते दिवे-पंखे, सगळे चालू. म्हणून तो उघडायचं मनात नव्हतं. उघडला आणि वास आला. भाजलेल्या चपलेसारखा. न्यूट्रलच्या टर्मिनलमध्ये दोन वायरी होत्या, एक मेनकडून आलेली, एक आमच्या बोर्डाकडे गेलेली. आलेली पक्की होती. गेलेली पक्कडीनं हिसकली तर सरळ हातात आली! बघतो तर सोललेलं तांबं जेमतेम दोन मिलिमीटर, स्क्रू पिळला होता तो इन्सुलेशनवर. म्हणजे स्क्रू घट्टच होता, पण प्लास्टिकवर. तांबं नुसतं कडेला टेकलेलं. इंचभर वायर तपकिरी पडलेली, टोक काळं आणि ठिसूळ, वाकवलं तर तुटलं. टर्मिनलखालचं प्लास्टिक वितळून त्याचा थेंब झाला होता.

घरच्यांना विचारलं. म्हणाल्या, हो, इस्त्री लावली की दिवा लुकलुकायचा, दोन-तीन महिने झाले. आम्हाला वाटलं इस्त्रीच जड आहे.

वायर चांगल्या तांब्यापर्यंत मागे कापली, टर्मिनल बदललं, नीट सोलून दुमडून आत घातली, पिळली, हिसका दिला. मेन चालू. मीटरवर 229. इस्त्री लावली, शेजारच्या सॉकेटात 227. मला वाटलं अजून 2 व्होल्टचा दोष राहिलाय. मिस्त्रींना दाखवलं तर म्हणाले, वायरीला पण रेझिस्टन्स असतो ना. मग त्यांनी अडीच स्क्वेअर एमएमच्या वायरीचा आकडा सांगितला, किलोमीटरला साधारण साडेसात ओम. मी मेनपासून बोर्डापर्यंत पावलांनी मोजलं, 25 मीटर. जायचे 25, यायचे 25. (जायचे आणि यायचे, बाई!) 50 मीटरला 0.37 ओम, गुणिले 4.3, 1.6 व्होल्ट. मीटर पूर्ण आकडे दाखवतो, म्हणून 2.

काका, एकच सांगायचं राहिलं. ती वायर तीन महिन्यांपूर्वी मीच भरली होती. कामावरचा माझा पहिलाच आठवडा. मिस्त्रींना ते आठवत असणार, कारण जाताना त्यांनी मला स्ट्रिपर दिला आणि म्हणाले, दातानं सोलणं बंद कर.

जुनाट_वायरमन

त्या आठवड्यात भरलेले बाकीचे बोर्ड कुठले, आठवून ठेव.

टेस्टर_खिशात

पाच आहेत. परवापासून उघडतोय.